ऐकलं म्हणजे वाचलं का?

परवा आमच्याकडे जेवणाच्या पानावर भांडण झालं. भाचा म्हणाला, "मावशी, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' संपवलं एकदाचं." त्याची थोरली बहीण ताटातून मान वर न काढता म्हणाली, "संपवलंस की ऐकलंस?" या मुलानं दीड महिना लोकलमध्ये, ठाण्याहून सीएसएमटी आणि परत, टॉल्कीनची ती फँटसी, म्हणजे कल्पनेतल्या जगातली कादंबरी, कानात घालून ऐकली होती. तिनं तीच कादंबरी बारावीच्या सुट्टीत तीन जाडजूड खंडांतून वाचली होती, आणि त्या खंडांच्या मोडलेल्या पाठींचा तिला आजही अभिमान आहे. "ऐकणं म्हणजे चीटिंग," ती म्हणाली. "मग आजी पोथी ऐकायची तीही चीटिंग का?" तो म्हणाला. वरण गार झालं आणि मला लेखाचा विषय मिळाला.

हा वाद आमच्याच घरचा नाही. नोव्हेंबर २०२५ पासून हॅरी पॉटरची नवी ऑडिओ आवृत्ती यायला लागली, दोनशेहून जास्त कलाकारांची. तेव्हापासून तो पुन्हा पेटलाय. त्याआधी ब्रिटनमध्ये स्टीफन फ्राय आणि अमेरिकेत जिम डेल या एकेका माणसानं सातही पुस्तकं वाचली होती आणि लोकांनी ती वर्षानुवर्षं ऐकली होती. आता प्रश्न एकदम दोन झाले: वाचावं की ऐकावं, आणि ऐकायचं तर कोणतं?

आधी पोस्टमनची गोष्ट

'ऑडिओ' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना लावतो, आणि निम्मं भांडण तिथेच उभं राहतं. मराठीत मात्र या तिन्हींना वेगळे शब्द आधीपासून आहेत: वाचन, अभिवाचन आणि नभोनाट्य.

पूर्वी गावातला पोस्टमन पत्र नुसतं टाकून जायचा नाही. ज्याला अक्षरओळख नाही त्याला ते वाचूनही दाखवायचा, 'अनेक आशीर्वाद' पासून 'कळावे' पर्यंत, लिहिलंय ते सगळं. हे झालं वाचन. एक आवाज, आणि मूळचा एक शब्द न गाळता. रॉब इंग्लिस यांनी १९९० मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' असं वाचलं, अँडी सर्किस यांनी २०२१ मध्ये.

आता समजा पोस्टमन हौशी निघाला. आईची वाक्यं आईच्या आवाजात, वडिलांची जरा खाकरून. किंवा त्यानं चार पोरं गोळा केली आणि एकेकाला एकेकाचं बोलणं वाटून दिलं. शब्द तेच, आवाज अनेक. हे अभिवाचन. हॅरी पॉटरची नवी आवृत्ती याच घरातली आहे. पात्रांना वेगवेगळे कलाकार आहेत आणि मधला मजकूर वाचायला निवेदक आहे.

तिसरा आहे तुमचा चुलतभाऊ. तो पत्र आणतच नाही. पत्र वाचून आलेला असतो, आणि ओसरीवर बसून "काका असं म्हणाले, मग काकू अशी भडकली" असं साभिनय सांगतो. काही गाळतो, काही पुढचं मागे करतो, मध्येच दार आपटून दाखवतो. पत्रापेक्षा जास्त रंगतही येत असेल. पण काकूनं पत्राच्या समासात शेवटी काय खरडलं होतं ते तुम्हाला कधीच कळत नाही. हे नभोनाट्य, म्हणजे रेडिओवरचं नाटक.

पोस्टमनच्या बाबतीत प्रश्न 'डोळा की कान' एवढाच असतो. चुलतभावाच्या बाबतीत प्रश्न 'ही कलाकृती की ती कलाकृती' असा होतो. भाच्यानं ऐकलं होतं ते वाचन. त्यामुळे बहिणीचा आरोप तपासायला आपल्याला आधी कान आणि डोळ्यांकडे बघावं लागेल. पण त्याआधी चुलतभावाचा हिशेब मिटवून टाकू, कारण फँटसीत तोच जास्त गोंधळ घालतो.

त्रेपन्न तासांचे तेरा तास होतात तेव्हा

मूळ इंग्रजी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सुमारे ४ लाख ८० हजार शब्दांचं आहे. निवांत वाचणारा माणूस मिनिटाला साधारण १५० शब्द वाचून दाखवतो. भागाकार केला की ३,२०० मिनिटं, म्हणजे ५३ तास आणि थोडे वर. इंग्लिस यांचं ध्वनिमुद्रण जवळपास तेवढंच भरतं.

बीबीसीनं १९८१ मध्ये याच कादंबरीचं नभोनाट्य केलं ते अर्ध्या तासाच्या २६ भागांचं. म्हणजे १३ तास. त्याच्याही आधी, १९५५-५६ मध्ये, बीबीसीनं पहिला प्रयत्न केला होता: बारा भाग, त्यांतले पहिले सहा पाऊण तासाचे, पुढचे सहा अर्ध्या तासाचे. एकूण साडेसात तास. दुसरा आणि तिसरा असे दोन अख्खे खंड मिळून तीन तासांत उरकले होते.

मग बाकीचं गेलं कुठे? थोडं प्रसंगांत गेलं. १९८१ च्या मालिकेत टॉम बॉम्बॅडिल हे गाणी म्हणत फिरणारं, गोष्टीला फारसं पुढे न नेणारं पात्र अख्खंच वगळलंय. पण जास्त गेलं ते निवेदनात, आणि हीच फँटसीची खरी अडचण आहे.

पुण्यात घडणाऱ्या कादंबरीत 'तो लक्ष्मी रोडवर आला' एवढं पुरतं. गर्दी, साड्यांची दुकानं, रिक्षावाल्याचा हॉर्न हे सगळं वाचक स्वतःच्या खिशातून घालतो. टॉल्कीनच्या 'मिडल-अर्थ' मध्ये वाचकाचा खिसा रिकामा असतो. तिथला डोंगर, तिथली भाषा, तिथल्या पडक्या बुरुजामागचा तीन हजार वर्षांचा इतिहास, सगळं लेखकालाच आणून ठेवावं लागतं आणि ते निवेदनातूनच येतं. साध्या कौटुंबिक कादंबरीचं नभोनाट्य करताना निवेदन कापलं तर वर्णन जातं. फँटसीत कापलं तर जग जातं. मग संहिता लिहिणारा ते पात्रांच्या तोंडी घालतो आणि माणसं एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत बसतात. "अरे, तो बघ समोर धुराचा डोंगर!" छापाची वाक्यं ज्यांनी रेडिओवर ऐकली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

ब्रायन सिब्ली आणि मायकेल बेकवेल यांनी लिहिलेली १९८१ ची मालिका मात्र माझ्या मते फार चांगली आहे. नायक फ्रोडो इअन होम यांचा आहे (हेच पुढे चित्रपटांत बिल्बो झाले), आणि गॉलम या अंगठीनं पछाडलेल्या जीवाला पीटर वुडथॉर्प यांच्या आवाजात ऐकताना घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. शिवाय तिच्यात एक भरही आहे. वर्मटंग या कपटी सल्लागाराला काळे घोडेस्वार वाटेत गाठतात तो प्रसंग कादंबरीत नाहीच. टॉल्कीनच्या मृत्यूनंतर, १९८० मध्ये आलेल्या संग्रहातून तो घेतलाय. म्हणजे मालिका ऐकणाऱ्याला कादंबरी वाचणाऱ्यापेक्षा काहीतरी जास्त कळतं. म्हणूनच मी तिला दुसरी कलाकृती म्हणते. ती ऐकून 'कादंबरी वाचली' म्हणणं हे नाटक बघून कादंबरी वाचली म्हणण्यासारखं आहे. चोरी नाही, पण खरंही नाही.

डोळा मागे जातो, कान जात नाही

आता वाचनाकडे, म्हणजे पोस्टमनकडे.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकून समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही. दोनपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. यातली पहिली पायरी, अक्षरांचा आवाज करणं, ही सरावानं इतकी आपोआप होते की मोठ्या माणसाला ती जाणवतही नाही. त्यापुढे अर्थ लावणारं यंत्र डोळ्याला आणि कानाला एकच आहे. ऑडिओबुक ती पहिली पायरी तुमच्यासाठी चढून देतं, दुसरी तुम्हालाच चढावी लागते.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊ जणांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या, एकदा वाचायला दिल्या, आणि दोन्ही वेळा मेंदूचं स्कॅनिंग केलं. शब्दांच्या अर्थाला मेंदूचा कोणता भाग प्रतिसाद देतो याचे नकाशे दोन्ही वेळा जवळजवळ सारखे आले. ही बातमी तेव्हा 'ऐकणं आणि वाचणं एकच' अशा मथळ्यानं फिरली. पण तिच्यात एक मेख होती. वाचताना शब्द पडद्यावर एकेक करून, बोलण्याच्याच वेगानं दाखवले होते. म्हणजे वाचणाऱ्याला वाचणाऱ्याची खरी चैन मिळालीच नव्हती.

ती चैन कोणती? आपली नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत नाही, चिमणीसारखी उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, पुढची उडी घेते, आणि शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जातात. 'हा आरागॉर्न म्हणजे मघाचा स्ट्रायडरच ना?' असं वाटलं की डोळा आपल्याला न विचारता दोन ओळी वर जाऊन येतो. कानाला ही सोय नाही. मागे जाण्यासाठी खिशातून फोन काढायचा, पंधरा सेकंद मागे न्यायचं, आणि तेवढ्यात दादर येतं. पुस्तक विहिरीसारखं असतं, तुम्ही काढाल तेवढंच पाणी येतं. ऑडिओ महापालिकेच्या नळासारखा. तुमची बादली भरली की नाही हे तो बघत नाही.

प्रयोगांचं सार याच्याशी जुळतं. अमेरिकेत २०१६ मध्ये ९१ प्रौढांवर झालेल्या एका प्रयोगात काहींनी पुस्तकातला मजकूर ऐकला, काहींनी ई-रीडरवर वाचला, काहींनी दोन्ही एकदम केलं. लगेच घेतलेल्या आणि दोन आठवड्यांनी घेतलेल्या, दोन्ही चाचण्यांत फरक दिसला नाही. २०२२ मध्ये अशा ४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हाही सरासरीत तफावत निघाली नाही. मात्र जिथे वाचणाऱ्याला स्वतःच्या वेगानं वाचू दिलं होतं तिथे डोळ्यांनी वाचणं थोडं सरस ठरलं. आणि प्रश्न थेट माहितीचा नसून ओळींमधलं ओळखायचा होता तिथेही.

मन भटकण्याचं वेगळं. २०१३ च्या एका प्रयोगात लोकांनी मजकूर मनात वाचला, ऐकला, किंवा मोठ्यानं वाचला. मन सगळ्यात जास्त भटकलं ऐकताना आणि सगळ्यात कमी मोठ्यानं वाचताना. पाढे मोठ्यानं म्हणायला लावणाऱ्या गुरुजींना हे आधीच ठाऊक होतं.

साउरॉन की सॉरॉन?

आतापर्यंतचं सगळं कुठल्याही पुस्तकाला लागू होतं. फँटसीचं खास दुखणं आणि खास सुख सुरू होतं नावांपासून.

मी हॅरी पॉटर पहिल्यांदा वाचलं तेव्हा कित्येक दिवस त्यातल्या मुलीला मनातल्या मनात 'हर्मिऑन' म्हणत होते. मी एकटी नव्हते. चौथ्या पुस्तकात ती मुलगी एका परदेशी मुलाला स्वतःचं नाव तोडून तोडून शिकवते, तेव्हा माझ्यासारख्या असंख्य वाचकांना 'हर्मायनी' कळली. ज्यांनी कानानं सुरुवात केली त्यांना हा त्रास पहिल्या दिवसापासून नव्हता. टॉल्कीन तर भाषाशास्त्राचा प्राध्यापक. त्यानं तिसऱ्या खंडाच्या शेवटी उच्चारांवर एक अख्खं परिशिष्ट दिलंय. त्यात म्हटलंय की त्याच्या नावांतला 'सी' नेहमी 'क' म्हणायचा. म्हणजे 'सेलेबॉर्न' नव्हे, 'केलेबॉर्न'. आणि 'एयू' चा उच्चार 'आउ', म्हणून 'सॉरॉन' नव्हे, 'साउरॉन'. पण परिशिष्ट शेवटी असतं. तिथवर पोचेपर्यंत वाचकाच्या डोक्यात चुकीचं नाव हजार पानं मुरलेलं असतं.

देवनागरीत वाचणाऱ्याला हे कोडं विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे जसं लिहितो जवळपास तसंच बोलतो. मराठी अनुवादात ते आपोआप सुटतं. अनुवादकानं एकदा ठरवलं की वाचकाला दुसरा पर्याय उरत नाही. पण आपल्यातले बरेच जण ही पुस्तकं इंग्रजीत वाचतात, आणि इंग्रजी स्पेलिंगवर विसंबणं म्हणजे पावसाळ्यात आंबोली घाटातल्या धुक्यावर विसंबणं.

इथे कान जिंकला. पण लगेच हरतोही. साउरॉन हा मुख्य खलपुरुष आणि सारुमान हा त्याला फितूर झालेला जादूगार. कानाला दोन्ही सख्खे भाऊ वाटतात. १९७८ च्या अॅनिमेशनपटात तर गोंधळ टाळायला सारुमानला बऱ्याच ठिकाणी 'आरुमान' करून टाकलं होतं. छापील पानावर नावाचा आकार लक्षात राहतो, लांबी, पहिलं अक्षर, मधला काना. कानाला नुसती झुळूक मिळते. त्यात नकाशा नाही. फँटसीचा वाचक बोट नकाशाच्या पानात घालून वाचतो. ऐकणारा 'इथून उत्तरेला तीन दिवसांवर' हे नुसतं पत्करतो.

काही लेखक तर छपाईचाच खेळ करतात. मायकेल एंडेच्या 'नेव्हरएंडिंग स्टोरी' या १९७९ च्या जर्मन कादंबरीत खरं जग आणि कल्पनेतलं जग दोन वेगळ्या रंगांच्या शाईत छापलंय. रंग कसा ऐकवणार? टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फँटसी मालिकेत मृत्यू हे पात्र बोलतं ते सगळं कॅपिटल अक्षरांत, आणि तळटीपांतले विनोद मुख्य मजकुराइतकेच महत्त्वाचे. २०२२ पासून आलेल्या नव्या ध्वनिमुद्रणांत यावर छान तोड काढलीय: मृत्यूला एक वेगळा कलाकार, आणि तळटीपा वाचायला आणखी एक, बिल नाय. हेच बिल नाय बीबीसीच्या १९८१ च्या मालिकेत फ्रोडोचा सोबती सॅम होते.

आणि गाणी! टॉल्कीनच्या कादंबरीत पानोपानी कविता आहेत. खरं सांगते, डोळ्यांनी वाचणारे बहुतेक जण त्या ओलांडून जातात. माझी भाची तर छातीठोकपणे सांगते. भाच्याला ओलांडता आल्या नाहीत, आणि आता त्यातल्या दोन त्याला पाठ आहेत.

पण मग कल्पनाशक्तीचं काय? सगळं आयतंच मिळतं की

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो अर्धाच खरा आहे.

टॉल्कीननं १९३९ मध्ये परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं. त्यातला त्याचा मुद्दा मराठीत आणून सांगते. गोष्टीत 'त्यानं भाकरी खाल्ली' असं असेल तर चित्रकार किंवा नाटकवाला एकच भाकरी दाखवू शकतो, त्याच्या आवडीची. गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात मात्र त्याची स्वतःची भाकरी येते. कुणाला बाजरीची, कुणाला तांदळाची, कुणाला चुलीवर फुगलेली. म्हणून फँटसी शब्दांतच ठेवावी, रंगमंचावर आणू नये, असं त्याचं म्हणणं. यात एक बारकावा आहे जो या वादात कुणी सांगत नाही: टॉल्कीन तिथे गोष्ट 'ऐकणाऱ्या'बद्दल बोलतोय. त्याची तक्रार दाखवण्याबद्दल होती, ऐकवण्याबद्दल नव्हती.

कानानं ऐकताना चित्र आयतं मिळत नाही. उलट, ते काढायला जागा जास्त मिळू शकते. ली ब्रुक्स या मानसशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चौकटींच्या तक्त्यात कुठे काय आहे याच्या सूचना दिल्या: 'उजवीकडच्या घरात हे, त्याच्या खालच्या घरात ते'. त्या डोळ्यांसमोर आणून लक्षात ठेवायच्या होत्या. ऐकणाऱ्यांना हे जास्त नीट जमलं, वाचणाऱ्यांना कमी. कारण वाचताना डोळ्यांची यंत्रणा अक्षरांत गुंतलेली असते आणि मनातलं चित्रही तीच यंत्रणा मागते. एका तव्यावर दोन पोळ्या. ज्या सूचनांत जागेचं चित्र नव्हतं, नुसते शब्द होते, त्यात उलट वाचणारे पुढे होते. बोगद्यातली लढाई किंवा किल्ल्याचा वेढा यांना हे कितपत लागू होतं हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, कारण तक्ता म्हणजे कादंबरी नव्हे. पण डोळे मिटून गोष्ट ऐकण्याची आपली जुनी खोड निव्वळ आळस नव्हती, एवढं यातून दिसतं.

आयतं मिळतं ते दुसरंच काही. स्वर. 'तू परत आलास' हे वाक्य पानावर आनंदाचं, संशयाचं किंवा कुत्सितही असू शकतं, आणि ठरवायचं वाचकानं. कलाकार ते ठरवून टाकतो. गॉलमची फुसफुस एकदा कानात बसली की मग पुस्तक उघडलं तरी तोच आवाज येतो. अभिवाचनात हे प्रत्येक पात्राचं होतं. दोनशे कलाकार म्हणजे दोनशे निर्णय तुमच्या वतीनं झालेले.

१९५५, दोन रेडिओ केंद्रं

आता चुलतभावाकडे पुन्हा, कारण त्याच्यावर मी जरा अन्याय केला.

१ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांची गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभर चाललेली ५६ गाणी. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला बीबीसीवर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ची पहिली मालिका सुरू झाली. रामायण श्रद्धेचा विषय आहे आणि टॉल्कीनची कादंबरी कल्पनेचा, त्यामुळे त्यांना एका रांगेत बसवायचा माझा विचार नाही. तुलना फक्त कारागिरीची. दोन्हीकडे अफाट मोठा ग्रंथ रेडिओच्या छोट्या छोट्या वेळात बसवायचा होता. वाल्मीकींचे चोवीस हजार श्लोक कुठे आणि ५६ गाणी कुठे! गाळण्याचं प्रमाण बघाल तर बीबीसीपेक्षा पुण्यानं जास्त गाळलं.

तरीही गीतरामायण घराघरांत ऐकलं गेलं आणि आजही ऐकलं जातं. बीबीसीची ती मालिका खुद्द टॉल्कीनलाच रुचली नाही. प्रक्षेपण चालू असतानाच त्यानं एका पत्रात लिहिलं की हे पुस्तक नाट्यरूपाला अजिबात योग्य नाही. टॉम बॉम्बॅडिल त्याला भयंकर वाटला, आणि गोल्डबेरी या त्याच्या बायकोची ओळख निवेदकानं मुलगी म्हणून करून दिली, ते तर त्याहून. त्या मालिकेचं ध्वनिमुद्रण आज हाती नाही.

फरक गाणी आणि संवादांचा आहेच, प्रतिभेचा आहेच. पण एक कारण श्रोत्यांच्या बाजूनंही आहे. पुण्याच्या श्रोत्याला कथा पाठ होती. शबरीचं एक गाणं लागलं की मागचं-पुढचं सगळं तो स्वतः भरत होता. रामायण त्याच्या घरात आधीच होतं, गाणी फक्त दिवे लावत होती. ब्रिटनमध्ये कादंबरीचा तिसरा खंड ऑक्टोबर १९५५ मध्ये, म्हणजे मालिकेच्या महिनाभर आधी, बाजारात आला होता. बहुतेक श्रोत्यांना हे जग नवं, रिकाम्या खिशाचं. १९८१ मध्ये तीच कादंबरी घरोघरी पोचलेली होती आणि तेच माध्यम झकास चाललं.

म्हणून अनोळखी फँटसीची सुरुवात नभोनाट्यानं करू नये, असं माझं मत आहे. ओळखीच्या फँटसीला मात्र त्यासारखं सुख नाही.

ऐकणं सोपं, म्हणून कमी दर्जाचं?

पोथीचा मुद्दा भाच्यानं रागात काढला, पण तो बिनतोड होता. श्रावणात एकजण पोथी वाचायचा आणि बाकीची आळी ऐकायची. शेवटच्या फलश्रुतीत वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला पुण्य बरोबरीनं वाटलेलं असतं. श्रवण ही आपल्याकडे भक्तीची पहिली पायरी आहे.

भाचीनं यावर काढलेला प्रतिमुद्दाही मला पटतो. ओवी कानासाठीच बांधलेली असते: यमक, पुनरुक्ती, दर चार पावलांवर विसावा. छापील कादंबरी डोळ्यासाठी लिहिलेली. बरोबर. फक्त नेमकी ही कादंबरी त्याला अपवाद आहे. ऑक्सफर्डमध्ये सी. एस. लुईस या लेखकमित्राच्या खोलीत मित्रांच्या बैठकीत टॉल्कीन आणि त्याचा मुलगा क्रिस्टोफर हस्तलिखितातली प्रकरणं मोठ्यानं वाचून दाखवत. ती छापली जाण्याआधी कित्येक वर्षं ऐकली गेली होती. १९५२ मध्ये, प्रकाशक मिळत नसल्यानं टॉल्कीन खट्टू झाला होता तेव्हा, त्याच्या एका मित्रानं घरच्या टेपरेकॉर्डरवर त्याच्याच आवाजात काही भाग मुद्रित करून घेतले. यंत्रात सैतान असला तर पळावा म्हणून टॉल्कीननं आधी गॉथिक या लुप्त झालेल्या भाषेत प्रार्थना म्हटली, आणि मग स्वतःचं लिखाण स्वतःच्या कानांनी ऐकून त्याला पुन्हा हुरूप आला.

'बोलती पुस्तकं' हा प्रकार मुळात सुरू झाला तोही आळशी लोकांसाठी नव्हे. ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये ती आली ती अंध वाचकांसाठी, पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक डोळ्यांसमोर ठेवून. गॉफ-टनमर यांचं सूत्र इथे पुन्हा आठवा. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं उलगडायचीच अडचण, असलेल्या मुलाची पहिली पायरी डळमळीत असते, दुसरी अनेकदा ठणठणीत. त्याला ऑडिओबुक म्हणजे जिन्याशेजारचा उतार.

लहान मुलांचं मात्र वेगळं. पहिली पायरी सरावानंच आपोआप होते, आणि सगळंच कानानं दिलं तर तो सराव राहून जातो. मुलाच्या वाचण्यापेक्षा त्याचं ऐकणं पुढे असतं, म्हणून अवघड पुस्तक ऐकवावं आणि सोपं त्याच्या हातात द्यावं, दोन्ही चालू ठेवावं. आणि मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी फँटसीला पहिल्यांदाच हात घालणाऱ्या तरुण पोरांना माझा सल्ला: पुस्तक समोर उघडा आणि कानातही लावा. ब्रिटिश उच्चार एकटा कान पकडू शकत नाही, आणि स्पेलिंग एकट्या डोळ्याला फसवतं. पहिली शंभर पानं अशी गेली की पुढे हवं ते एक सोडा. दीडपट वेगानं ऐकण्याची फुशारकी कुणी मारली तर मारू द्या. मिनिटाला सव्वादोनशे शब्द म्हणजे मनात वाचण्याच्या वेगाच्या जवळपास. फक्त वाचणाऱ्यानं जिथे श्वास घेतला होता ती जागा उरत नाही, आणि गॉलम तर गाडी चुकत असल्यासारखा बोलतो.

जेवणानंतर भाचीनं तिचा जुना पहिला खंड आणला आणि नकाशाचं पान उघडलं. भाचा बराच वेळ बघत राहिला. मोरिया कुठे, लॉथलोरिएन कुठे, हे त्याला आत्ता पहिल्यांदा दिसत होतं. "एवढं जवळ होतं?" तो म्हणाला. तिनं बोट ठेवून सांगितलं, "आणि इथे सेलेबॉर्नचं राज्य."

"केलेबॉर्न," तो म्हणाला.

तिनं तिसरा खंड काढून परिशिष्ट शोधायला घेतलं.